खरचुडीचा पहारा

आमच्या चाकणच्या कंपनीतले वॉचमन काका मला नऊ वर्षं रोज बघतात आणि रोज ओळखपत्र मागतात. वैताग येतो. पण काकांचं एकच, "नियम म्हंजी नियम, सायेब."

गेल्या पावसाळ्यात पार्किंगमागच्या मुरमाड उतारावर एक नाजूक वेल उगवली आणि तिला कंदिलासारखं इवलंसं फूल आलं. कामासाठी आलेले कॉलेजातले एक प्राध्यापक ते पाहून चिखलातच गुडघे टेकून बसले. "खरचुडी! दुर्मिळ झालीय हो फार. माळ कारखान्यांखाली गेले, उरलेली लोकांनी कंद उकरून खाल्ली."

काका तिथंच उभे होते. दुसऱ्या दिवशी वेलीभोवती पिवळे रंगवलेले दगड आणि पाटी: 'विनापरवाना प्रवेश बंद.' खुद्द मालकांनाही त्यांनी गाडी मागं घ्यायला लावली.

दिवाळीनंतर वेल वाळून मातीत मिसळली. तरी जेवणाच्या सुट्टीत काका डबा घेऊन त्या दगडांपाशीच.

"काका, आता काय राखताय?"

"खाली कंद जित्ता हाय."

"पण इथं तो ओळखतंय कोण?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "ल्हानपणी ह्या माळावरचे लय खाल्ले म्या. ग्वाड लागत्यात. ओळखणारा गावात आता एकच गडी उरलाय, सायेब. त्याच्यावरच नजर ठिवून बसलोय."