लाल डावीकडे, हिरवं उजवीकडे

लग्न होऊन मी भातकुलीकडून धरणाकाठच्या गावात आले, तेव्हा पाण्याची मला धास्तीच होती. आमच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि ओढा वाहतो तो पावसाळ्यापुरता. इथं दारात उभं राहिलं की समोर सगळं पाणीच. सासऱ्यांची मोटार बसवलेली होडी होती. पलीकडच्या काठावरची माणसं ते आणि नवरा वरूडच्या बाजारासाठी आणत-नेत.

कापसानं लागोपाठ दगा दिला ती वर्षं. पाऊसही हात आखडून पडायचा. धरण उतरत चाललं होतं आणि बुडालेल्या संत्राबागांची खोडं, विहिरींचे कठडे पाण्याच्या जेमतेम खाली आले होते. घाटाकडे येताना होडी जुन्या नदीच्या पात्रातूनच आणावी लागे. ती वाट कळावी म्हणून तेलाची रिकामी टिपाडं रंगवून, दगडाला बांधून पाण्यात सोडलेली असत. लाल टिपाड डाव्या हाताला ठेवायचं, हिरवं उजव्या हाताला. चुकलं की खोडावर.

पलीकडे नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. सासऱ्यांना ताप, म्हणून नवरा एकटाच होडी घेऊन निघाला. सोबत मी आणि शेजारच्या काकू. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना परत फिरलो, तर वारा सुटला. होडी हलायला लागली तशी मी काकूंचा हात घट्ट धरला.

घाट दिसू लागला आणि नवऱ्यानं मोटार एकदम हळू केली.

"टिपाडं हलवली वाट्टे," तो म्हणाला. पाणी आणखी उतरलं म्हणून आमच्या मागं कुणीतरी ती नव्या जागी बांधली होती.

"मंग? रंग पाहून घ्या ना," मी म्हटलं.

त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. होडी पहिल्या टिपाडाच्या डावीकडे वळायला लागली. टिपाड चक्क लाल होतं.

"अवो, लाल हाय ते!" मी ओरडले. तेवढ्यात तळाला खरखर झाली आणि होडी एका अंगाला कलली. काकूंनी देवाचा धावा सुरू केला. नवऱ्यानं वल्ह्यानं खोडाला रेटा देऊन होडी कशीबशी मागं घेतली. पाणी आत आलं नाही.

"तुमाले दिसलं नाही का?"

"दिसते," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण लाल अन् हिरवं मले सारखंच दिसते. तू समोर जाऊन बस. सांगत राह्य."

लग्नानंतर त्यानं मला हिरव्या म्हणून तांबूस बांगड्या आणल्या होत्या. दुकानदारानं फसवलं असं मी समजले होते.

मी रांगत पुढं गेले. दोन्ही हातांनी कड धरली. उजेड इतका कमी झाला होता की मलाही रंगाची खात्री वाटेना. चुकलं तर तिघंही पाण्यात, आणि पोहायला येत होतं एकट्या त्याला.

"हिरवं! उजव्या हाताले ठेवा!"

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं. खात्री मला नव्हतीच. पण टिपाड उजवीकडून सरकलं आणि खाली काही लागलं नाही. मग एक लाल, पुन्हा लाल, मग हिरवं. घाटाच्या पायरीला होडी टेकली तेव्हा काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या.

काकू घरी गेल्यावर मी विचारलं, "घरात कोणाले मालूम हाय?"

"बाबाले. म्हनून तर ते समोर बसतात."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"तू लग्नाले नाही म्हटली असती."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणखी काय काय सांगायचं राहिलंय, हाच घोर लागला.

पुढच्या बाजाराला सासऱ्यांचा ताप उतरला होता. तरी त्यांनी मलाच बोलावलं. "सूनबाई, तुयी नजर चांगली हाय. तू बस समोर." नवरा मान खाली घालून दोर सोडत होता. मी पदर खोचला आणि चढले. होडी काठावरून सुटली तशी मी पहिलं टिपाड शोधायला लागले.