वांग्याच्या भाजीतली साखर

कुशनवाली ताई म्हणून तिला सगळी गल्ली ओळखायची. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान. जाड सुईचं शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले फोमचे तुकडे आणि दारात पोट फाडून उताणे टाकलेले सोफे. वडील जुने खुर्चीवाले. लाकडी सांगाडे तेच करायचे. हात थरथरायला लागल्यापासून जुने खिळे उपटण्याइतकंच काम त्यांनी अंगावर ठेवलं होतं, आणि तेही गप्पांच्या ओघात.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. केवढाही मोडका सोफा येवो, ताई त्याचं रूप पालटून परत पाठवायची. पण आईची वांग्याची भाजी काही तिला जमत नव्हती. वांगी सोलायची, टोमॅटो घालून पार गाळ होईपर्यंत शिजवायची, वर सढळ हाताने साखर. सगळं अगदी आईसारखं. तरी दर रविवारी जेवायला येणारी मावशी पहिल्या घासालाच मान हलवायची.

"चांगली झालीय गं. पण आक्काच्या हातची नाही."

खरं सांगायचं तर ही गोडमिट्ट भाजी ताईला स्वतःला कधीच आवडली नव्हती. पण आई गेल्यावर तिच्या भाजीला नावं ठेवणं तिच्या जिवावर यायचं. मग ती पुढच्या खेपेला आणखी थोडी साखर घालून बघायची.

एकदा एका दवाखान्याच्या बाकड्यांचं काम आलं. दिवसभर रेक्झिन ताणून ताणून बोटं दुखून आली, भूक तर अशी लागली की विचारू नका. संध्याकाळी ओट्याशी उभी राहून तिने साखरेचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. आज आपल्याला हवं तसं खायचं! वांगी न सोलताच तिने मोठ्या फोडी केल्या, तेलात खरपूस परतल्या, मूठभर लसूण ठेचून घातला आणि शेवटी अख्खं लिंबू पिळलं.

"आज वास वेगळाच येतोय," वडील पानावर बसत म्हणाले.

चोरी पकडली गेल्यासारखी तिने घाईघाईने त्यांना भाजी वाढली. वडिलांनी घास घेतला, सावकाश चावला.

"जरा साखर दे बघू."

"आवडली नाही ना, बाबा?"

"आवडली की. पण मला भाजीत गोड लागतं. तुझी आई माझ्यासाठीच साखर घालायची."

"आणि तो गाळ?"

"तो तुझ्यापायी! लहानपणी तू फोडी वेचून ताटाखाली लपवायचीस. शेवटी तिने फोडीच ठेवल्या नाहीत."

ताईला खुदकन हसू आलं आणि पाठोपाठ डोळेही भरले. "मग आईला स्वतःला कशी आवडायची?"

वडिलांनी ओट्याकडे पाहिलं. "मिरी घ्यायची वरून. आपलं आटोपलं की ओट्याशी उभी राहून जेवायची. भाजी काळी दिसेपर्यंत मिरी. मी कधी विचारलं मात्र नाही."

पुढच्या रविवारी ताईने पुन्हा स्वतःच्याच पद्धतीने भाजी केली. मावशीची मान हललीच. "ही आक्काच्या..."

"नाहीच आहे, मावशी. ही माझी. साखर त्या वाटीत, मिरी या वाटीत. ज्याला जे हवं ते घ्या."

मावशीचं तोंड जरा वाकडं झालं. मग तिने मिरीची वाटी पुढे ओढली. "लसूण जास्तच झालाय."

"झालाय. मला तसाच आवडतो."

वडील खाली मान घालून साखर कालवत राहिले. मावशीने कुरकुरत दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

तेव्हापासून ताईचा हात मोकळा झाला. कधी मिरी फोडणीतच, कधी वांगी सरळ विस्तवावर भाजलेली. एकदा चिंच इतकी पडली, की वडील म्हणाले, "अगं, माझी कवळी पळून जाईल!" त्या दिवशी ते दहीभातावर जेवले. उरलेली भाजी ताईने दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनशेजारी बसून गारच खाल्ली, आणि तिला ती फार आवडली.