आई, करू का?

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या एकोडीत कोणाला चकवा लागतो, कोणाच्या अंगात येतं... मी ऐकून घेते आणि धान पाखडत बसते. शिक्षण चौथी. चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून हे वहीत लिहिते.

माझी मुलगी वैशाली घरूनच नागपूरच्या एका कंपनीचं काम करायची. मागच्या खोलीत, धानाच्या पोत्यांजवळ तिचा लॅपटॉप असे. काळ्या पडद्यावर ती कमांड, म्हणजे लॅपटॉपला द्यायचे हुकूम, लिहायची. एकदा चुकीच्या कमांडनं आठवड्याचं काम पुसलं गेलं, फार रडली. मी म्हटलं, "करायच्या आधी एकदा विचारत जा ना बाई."

त्या काळ्या पडद्याला ती शेल म्हणायची, शेल म्हणजे टरफल; दुसऱ्या दिवशी तिनं त्यात काहीतरी लिहून ठेवलं. "पाय आई, धानाले टरफल असते ना, तसं हरेक कमांडले टरफल घातलं."

आता कमांड लगेच चालत नसे. आधी पडदा विचारायचा — आई, करू का? कीबोर्डच्या वाय अक्षरावर तिनं लाल टिकली चिकटवली, वाय म्हणजे येस, हो. एनवर काळी, एन म्हणजे नो, नाही. मग वेळ, कमांड, उत्तर... सगळं एका फाइलमध्ये उतरायचं.

"या घरात तुले कोन विचारते? आता हा डबा तरी विचारते!" म्हणून हसायची.

मग वरठीचं स्थळ आलं. नोकरी सोडायची अट होती. "आई, तू तं बोल बाबाले," ती म्हणाली. मी बोलले नाही. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी तिनं नोकरी सोडली आणि ते टरफलही काढून टाकलं.

साक्षगंधाच्या दुपारी मी सुपारीचं ताट आणायला मागच्या खोलीत गेले. लॅपटॉप उघडाच होता. पडद्यावर — आई, करू का? वर कमांड नव्हती. कोरी जागा.

"अवो, ताट आन ना! पाहुने बसून राहिले," ह्यांनी ओरडून सांगितलं. दारातून पाटावर बसलेली वैशाली दिसत होती, मान खाली. माझं बोट काळ्या टिकलीवर गेलं... आणि मी लाल दाबली.

लग्न झालं, आणि वर्षाच्या आत ती सासरहून परत आली. दंडावर वळ होते. मी तिला हे सांगितलं, तेव्हा तिनं फाइल उघडली. शेवटची ओळ साक्षगंधाच्या दुपारची. कमांडच्या जागी काहीच नाही. उत्तर, वाय.

"मी तं हे काढलं होतं, आई." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "काळी काहून नाही दाबली?"

त्या दुपारी मला कोणी विचारलं, ते तिलाही सांगता येत नाही, मला तर नाहीच. टिकल्या अजून आहेत. लाल झिजून गेली आहे. काळी नवीच दिसते.