काशी ‘ने’ म्हणाली

अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली तेव्हा मंगल माझ्या खांद्यावर होती. पाच वर्षांची पोर, पण उचलली तर तीन वर्षांची वाटावी. बाबा खिडकीखाली उभे होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही, नुसते बघत राहिले. पुढच्या सीटवर एक पोलीस जमादार बसला होता, सुटीवर घरी निघाला असावा. सगळा रस्ता मी त्याच्या मानेकडं बघत होते. तो वळला की मी मंगलच्या तोंडावर पदर ओढायचे. लोह्याला तो उतरायला उठला, माझ्याजवळ थांबला, आणि मी मंगलला घट्ट धरलं. तो म्हणाला, "पोरीला पाणी पाजा बाई, ओठ सुकलेत." एवढं बोलून तो खाली उतरला.

गावात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुमच्यातले काही जण अजूनही म्हणतात की शालननं दुसऱ्याची पोर पळवली. ते अगदीच खोटं नाही. म्हणूनच एकदा सगळं सांगून टाकते.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ आला, ते दिवस. गावात अंगणवाडी सुरू झाली आणि मी दहावी झालेली, म्हणून मला तिथं नेमलं. बौद्धवाड्यातली पोरगी आता सगळ्या गावाच्या लेकरांना शिकवणार, याचं बाबांना फार कौतुक होतं. ते गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, पण रोज सकाळी माझ्या रजिस्टरला कव्हर नीट आहे की नाही ते बघायचे. लेकरांना सुकडी वाटायची, गाणी म्हणून घ्यायची आणि महिन्यातून एकदा वजनं घ्यायची, हे माझं काम.

काशीवहिनी वरच्या आळीतली. देवणीकडची लेक, आमच्या गावच्या नरसिंगला दिलेली. शेती होती, विहीर होती, पण त्या वर्षी विहिरीत दगड दिसायला लागले आणि दोघं नवरा-बायको पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिथंच शिंदीचा नाद लागला. शिंदी आमच्याकडं आधीही प्यायचे लोक, पण ही वेगळी होती. तिच्यात कसलीशी पांढरी पावडर मिसळलेली असायची. प्यालेला माणूस भांडत नसे, गात नसे, नुसता विझल्यासारखा बसे. आणि एक दिवस मिळाली नाही तर हात थरथर कापत, भिंतीवर मुंग्या दिसत. नरसिंग आधी प्यायला लागला. काशी अंग दुखतंय म्हणून घोट घोट घ्यायला लागली, आणि उन्हाळा सरेपर्यंत तिला त्याच्याइतकीच लागू लागली.

त्यांना दोन लेकरं. मंगल, आणि सात-आठ महिन्यांचा बाळ्या.

वजनाच्या काट्याला झोळी अडकवली की सगळी पोरं बोंबलतात, लाथा झाडतात. बाळ्या तसाच लटकून राहायचा, डोळे अर्धे मिटलेले. पहिल्या महिन्यात मला वाटलं झोप आली असेल. दुसऱ्या महिन्यात वजन घटलं. मी काशीला विचारलं तर ती हसून म्हणाली, "रडतच न्हाई गं, लई गुणी हाय." तिच्या हातात एक चिंधी होती. कामावर जाताना ती चिंधी शिंदीत बुडवून त्याच्या तोंडात द्यायची, हे मला मंगलनं सांगितलं, अगदी सहज, भाकरी कशी करतात ते सांगावं तसं.

मी काशीशी बोलले. नरसिंगशी बोलायची माझी हिंमत नव्हती. आमच्या वाड्यातल्या पोरीनं त्यांच्या उंबऱ्यात उभं राहून त्यांना शहाणपण शिकवणं कुणालाच रुचलं नसतं. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तोंडानं सांगू नको, लिहून दे. सरकारला कागदच कळतो."

म्हणून मी लिहून दिलं. तालुक्याला दिलं, तिथं म्हणाले जिल्ह्याला द्या. जिल्हा म्हणजे कोणता, हेच तेव्हा कुणाला धड सांगता येत नव्हतं. नव्या जिल्ह्याच्या गावी गेले तर एका भाड्याच्या घरात कचेरी थाटलेली, फायली अजून पोत्यात शिवलेल्या. तिथले साहेब भले माणूस होते, मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, लहान मुलांचं हे खातं अजून इकडं आलेलं नाही. जुन्या जिल्ह्यालाच विचारा." जुन्या जिल्ह्यातून उत्तर आलं की तुमचा तालुका आता आमच्याकडं नाही. शिंदीचं म्हणाल तर तो महकमाच वेगळा, दारूचं खातं. मी दर वेळी नवा अर्ज लिहायची, आणि दर वेळी बाळ्याचं वय एका महिन्यानं वाढवून लिहायची.

शेवटी एक साहेब जीपमधून आले. दुपारची वेळ होती. काशी आणि नरसिंग खडीवर होते, बाभळीला झोळी बांधलेली होती. साहेबांनी झोळीत वाकून बघितलं. मी म्हणाले, "साहेब, त्याला उठवून बघा." ते म्हणाले, "झोपलंय लेकरू, कशाला उठवायचं?" जीपच्या बॉनेटवर वही ठेवून त्यांनी लिहिलं, मी मागून वाचलं. मूल शांत झोपलेले आढळले. खाली मलाही सही करायला सांगितली. मी केली. ही गोष्ट मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

पुढच्या सोमवारी बाळ्या त्याच झोळीत गेला. काशी पाजायला म्हणून आली, उचलून छातीशी धरून बसली. उन्हानं त्याचं अंग गरम होतं, म्हणून तिला आधी कळलंच नाही. बायका मला बोलवायला आल्या. मी पोचले तेव्हा ती त्याच्या तोंडात स्तन देत होती आणि म्हणत होती, "घे रे, घे की." नरसिंग खडीच्या ढिगावर बसून बघत होता. डोळे उघडे होते, पण त्याला काही दिसत होतं की नाही कोण जाणे.

ऊन लागून गेला, असं लिहिलं गेलं. कुणी काही विचारलं नाही. दोनेक महिन्यांनी मला एक पत्र आलं, सदर बालकाची सद्यःस्थिती कळवावी.

त्याच साली माझं लग्न झालं. उत्तमराव अर्धापूरला प्राथमिक शाळेत शिक्षक. अंगणवाडी सोडून मी तिकडं गेले. गाडीतून उतरले तर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पाटात वाहतं पाणी, रस्त्याकडेला चिखल. आमच्याकडं माणसं घागरीसाठी दोन कोस चालत होती आणि एका दिवसाच्या वाटेवर हे. मला त्या हिरव्या रंगाची भीतीच वाटली. नव्या घरी पाणी सांडलं तरी मी दचकायची.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी माहेरी आले. सकाळी दहाच्या सुमाराला काशीच्या घरावरून जात होते. मंगल भिंतीला टेकून बसलेली दिसली. मी हाक मारली. तिनं मान उचलली नाही. हलवली, गाल थोपटले, तोंडावर पाणी मारलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग तिनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. तिच्या झग्याला तो आंबूस वास येत होता.

काशी आतच होती, चुलीपाशी. चूल थंड होती. मी म्हणाले, "वहिनी, हिला मी माझ्याकडं नेऊ का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ने."

एवढंच. ती शुद्धीत होती का, तिला मी कोण ते कळलं होतं का, हे मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. नंतर रोज विचारलं. तिच्या त्या एका शब्दावर मी पुढचं सगळं उभं केलं. मी मंगलला उचललं आणि थेट घरी आले. बाबांनी तिच्याकडं बघितलं, आणि या वेळी लिहून दे असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी पायात चपला घातल्या.

अर्धापूरला उत्तमरावांनी दार उघडलं. नवी नवरी माहेरहून आली ती कडेवर कुणाचं तरी लेकरू घेऊन. त्यांनी विचारलं, "जेवलीय का ही?" बाकीचं सगळं त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

पहिले पाच-सहा दिवस तिचे हातपाय कापत होते. अंगावरून काहीतरी झटकत राहायची. डॉक्टरांना खरं सांगावं की नाही, या विचारात मी अर्धा दिवस घालवला, मग सांगितलं. ते म्हणाले, लहान आहे, निभावेल. आठव्या की नवव्या दिवशी ती अंगणात पडली, गुडघा फुटला, आणि ती मोठ्यानं रडली. रडू ऐकून मी धावले, पण तिला उचलायच्या आधी मी क्षणभर ते नुसतं ऐकत उभी राहिले.

शाळेत नाव घालताना मी म्हणाले, तुमचंच नाव लावा. उत्तमराव म्हणाले, "खोटं नाव मी माझ्याच रजिस्टरात कसं लिहू?" तिच्या खऱ्या बापाचं नाव लागलं. त्यामुळं शोधणाऱ्याला ती केव्हाही सापडली असती. जीपचा आवाज आला की माझ्या हातातलं काम थांबायचं. गावाकडचा कुणी बाजारात दिसला की मी गल्ली बदलायची. पोर आमची आणि वाढतेय त्यांच्यात, असं वरच्या आळीत बोलणं चालू होतं. पण न्यायला कुणी आलं नाही. त्याचंही मला वाईट वाटायचं.

आली ती काशी. तीन वर्षांनी, दुपारी. नरसिंग वारला होता आणि ती देवणीला भावाकडं राहत होती. मी तिला लांबून, रस्त्याच्या वळणावरच ओळखलं. मंगल ओसरीवर पाढे लिहीत होती. मी तिला मागच्या दारानं शेजारी पाठवलं, सांगितलं, बोलावेपर्यंत यायचं नाही.

काशी बसली. अंग भरलं होतं, डोळे स्वच्छ होते. मी चहा दिला. गावात तिनं आमच्या घरचं पाणीही कधी घेतलं नव्हतं. तिनं बशीत ओतून तो सगळा प्यायला. मग पिशवीतून एक पिवळा झगा काढला. पाच वर्षांच्या पोरीच्या मापाचा.

"किती मोठी झाली?" तिनं विचारलं. मी भिंतीवर हात धरून दाखवलं. तिनं झगा परत घडी घालून पिशवीत ठेवला.

"मी आता घेत न्हाई, शालन. वरीस झालं."

"चांगलं झालं, वहिनी."

"शाळेतून येईस्तोवर बसू का?"

मी म्हणाले, ती सहलीला गेलीय, दोन दिवसांनी येईल. मंगलच्या चपला दारातच होत्या. काशीनं त्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं, आणि ती उठली. मी तिला थांबवलं नाही. ती पुन्हा आली नाही.

मंगल एकोणीस वर्षांची झाली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. बाळ्याचं ती शांतपणे ऐकत होती. माझ्या सहीचंही तिनं ऐकून घेतलं. झग्याचं सांगितलं तेव्हा मात्र ती उठून गेली. पुढं ती एसटीत कंडक्टर झाली, लग्न झालं, पण माझ्याशी तिचं बोलणं कामापुरतंच राहिलं. तिनं नांदेड–उदगीर गाडी मागून घेतली. उदगीरहून देवणी जवळ, हे मला माहीत होतं.

एके दिवशी ड्यूटी संपवून ती आली ती काशीला घेऊन. म्हणाली, "ही आता आपल्यात राहील." मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तोवर आम्ही नांदेडला राहायला आलो होतो, आणि मंगल, तिचा नवरा आणि सहा महिन्यांची तिची मुलगी आमच्याबरोबरच असत.

ते पहिलं वर्ष मी कसं काढलं, सांगता येणार नाही. काशी बाहेर जाऊन आली की मी तिच्या जवळून जाताना श्वास ओढून वास घ्यायची. तिच्या पेल्यात काय आहे ते बघायची. तिला कळत होतं. एक दिवस तिनं आपला पेला माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "बघ की. रोज बघत जा. मला राग न्हाई." त्यात पाणी होतं. मी शरमेनं मान खाली घातली, पण बघितलंच. नातीला ती कधी घ्यायची नाही. नात रांगत तिच्याकडं गेली की ती हात मागं घ्यायची आणि मला हाक मारायची.

सहलीचं खोटं होतं ते मी एकदा तिला सांगितलं. ती म्हणाली, "ठाव हाय मला. तू तिला दिली असतीस, तर मला भ्या वाटलं असतं."

गावी मी आता क्वचित जाते. बाबा नाहीत. पाझर तलावात पाणी असतं, आणि तिथून जाताना मी दुसरीकडं बघते. माझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी नांदेड म्हणते, पण ते मला पुरतं पटलेलं नसतं.

मागच्या महिन्यात रेशनकार्डावर काशीचं नाव चढवायला गेलो. खिडकीतल्या मुलानं विचारलं, कुटुंबप्रमुखाशी नातं काय? बहीण म्हणावं तर आडनावं जुळत नव्हती, विहीण म्हणावं तर तेही नव्हतं. मागं रांग खोळंबली. काशीच पुढं झाली. म्हणाली, "लिव की बाबा, घरची हाय म्हून."

तो म्हणाला, तसा रकाना नाही. मग त्यानं काहीतरी टाईप केलं आणि कागद पुढं सरकवला. मी वाचलं. नात्याच्या जागी ‘इतर’ लिहिलं होतं.

काशीला वाचता येत नाही. रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "काय लिवलं त्यानं?"

"घरची," मी म्हणाले.