दारव्ह्याला उतरू न देणारी बाई

झाडावरून पडून माझ्या लहान मुलीचं कोपर मोडलं, तेव्हा दारव्ह्याला हाड बसवणाऱ्याकडे जायला मी तिला घेऊन दिग्रसहून यवतमाळच्या बसमध्ये बसले. शेजारच्या अनोळखी बाईने कुठे चाललो ते विचारून घेतलं आणि शालीची घडी करून मुलीच्या हाताखाली धरली. खड्डा आला की ती कुशीतल्या बाळासारखा तो हात सांभाळायची.

दारव्हा आलं. मी उठले, तशी ती म्हणाली, "ताई, चोळून नका घेऊ. माह्या मायनं माहं असंच चोळून घेतलतं." पदर सारून तिने स्वतःचं वाकडं कोपर दाखवलं. "यवतमाळले दवाखान्यातच न्या पोरीले."

मी परत खाली बसले.

यवतमाळला ऑपरेशन करून डॉक्टरांनी हाडात तारा घातल्या. त्या निघाल्यावर काही आठवड्यांनी मुलीने हात लांब केला. "आई, पाह्य, सरळ झाला!"

हे बघायला ती बाई तिथे हवी होती.