मामूंनी न उघडलेला डबा

मामू दुसऱ्याची बॅग कस्टमवाल्यांपेक्षा कडक तपासत. शारजात, रोल्ला भागातल्या कामगारांच्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी माझी बॅग पलंगावर उपडी केली, आईने दिलेली खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली आणि सरळ बेसिनमध्ये ओतली.

"मामू, औषध होतं ते!"

"तुझ्या आईसाठी औषध. इथे बाटलीत काय मिसळलंय ते बघतात, तुला खोकला आहे का ते नाही विचारत."

मामू रत्नागिरीकडचे, आमच्याच कंपनीत गाड्यांचे सुपरवायझर. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. विमानात बसणाराही पहिलाच. बँकेत कसं बोलायचं, साहेबापुढे कधी गप्प बसायचं, हे मला त्यांनी शिकवलं. "भाच्या, डिग्री गावाला दाखवून झाली ना? आता रस्ता ओलांडायला शीक," म्हणायचे. मला लागलेली नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे, हे मी आजही सगळ्यांना सांगतो.

ते स्वतः सुपारीसुद्धा खात नसत. शारजात दारूला पूर्ण बंदी, तरी खोलीतल्या कुणाला तरी शुक्रवार आला की तहान लागे. मामू त्याला धर्म सांगत नसत. "प्यायची तर दुबईला जा. हॉटेलात बस, पी, तिथेच झोप, उतरली की ये. खोलीत बाटली आणलीस तर आपण सगळे आत. अल्लाला मी समजावीन रे, पोलिसाला कोण समजावणार?"

सुट्टीवर जाणाऱ्याने बाकीच्यांचं सामान न्यायचं-आणायचं, ही गल्फची रीतच. मामू कुणाला नाही म्हणत नसत. पण प्रत्येक बरणी उघडून, वास घेऊन, मगच बॅगेत. एकाच वस्तूला हात लावत नसत, हिंदूंच्या घरच्या दिवाळीच्या फराळाला. "आधी तुमच्या देवाला दाखवायचं असतं ना? माझा हात कशाला?" घरच्यांना तोंडी विचारायचे आणि डबा बांधलेला तसाच ठेवायचे.

आमच्या ऑफिसातले पाठकसाहेब दुबईच्या करामा भागात कुटुंबासह राहायचे. त्यांची आई रत्नागिरीला. एका दिवाळीला मामू सुट्टीवरून परतताना तिच्याकडचा डबा घ्यायला गेले.

"आजी, खसखस नाही ना आत? तिकडे अफूत धरतात ती."

"नाही रे बाबा. मसाल्याची पुडी बांधली होती, त्यात असते म्हणून तीसुद्धा काढून ठेवली."

म्हातारी खोटं बोलली नाही. डब्यात अनारसे होते. अनारसा खसखशीवर थापतात, हे मराठी बाईला वेगळं आठवावं लागत नाही आणि म्हणूनच ते तिला आठवलं नाही. मामूंना विमानतळावरच अडवलं. डबा प्रयोगशाळेत गेला आणि मामू कोठडीत.

त्यांचा फोन आला तेव्हा आवाज अगदी शांत होता. "डबा कुणाचा विचारतात. माझाच म्हटलंय. बॅग माझी होती."

मी तसाच करामा गाठला. "साहेब, तुम्ही येऊन एवढंच सांगा, की हा आमचा सणाचा पदार्थ आहे, आईने पाठवलाय."

पाठकसाहेबांनी वळून घरात पाहिलं. "माझी मुलं इथल्या शाळेत आहेत रे. मलाही आत घेतलं तर?"

"मामूंची नोकरी जाईल. नाव जाईल."

"मामू सुटतील. त्यांचेच लोक आहेत, समजून घेतील."

आतून त्यांची मुलगी म्हणाली, "डॅड, हू इज इट?" "ऑफिसचं काम आहे," ते म्हणाले आणि दार लोटलं.

त्यांच्याच लोकांनी काहीच समजून घेतलं नाही. काही आठवड्यांनी मामू सुटले. पण ड्रग्जच्या केसमधला माणूस नको म्हणून कंपनीने व्हिसा रद्द केला. खलास. उभं आयुष्य तिथे काढलेल्या माणसाला कुणी निरोपाचा साधा चहाही दिला नाही. त्याच महिन्यात दुबईच्या हॉटेलात कंपनीची पार्टी झाली. कायदेशीर ग्लास हातात धरून पाठकसाहेब मला म्हणाले, "मामूंचं फार वाईट झालं यार." मी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो.

पुढच्या सुट्टीत मी मामूंच्या गावी गेलो. मशिदीच्या कमिटीतून त्यांचं नाव काढलं होतं. अफूवाला, म्हणत होती पोरं. पाठकांच्या आईकडे मात्र ते अजून जायचे, तिचा बाजार आणून द्यायचे.

"तिला कळलंय?" मी विचारलं.

"कशाला? कळलं तर म्हातारी पुन्हा अनारसा करणार नाही. इथल्यांना खरं सांगितलं तर तिच्यापर्यंत पोचेल. बोलू देत."

निघताना मामी माझ्यासाठी आमसुलं बांधू लागल्या. मामूंनी ती पुडी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"त्याच्या बॅगेत दुसऱ्याचं काही घालू नकोस."

"अहो, आमसुलं आहेत!"

"माहीत आहे," मामू म्हणाले आणि पुडी फळीवर, माझा हात पोचणार नाही इतक्या वर ठेवून दिली.