पिठातली तार

वनमालाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या उन्हात उभ्या राहून पिठाची चाळणी एका डोळ्याने न्याहाळत होत्या. दारव्ह्याजवळ आमच्या बचत गटाचा छोटा कारखाना आहे. अंगणवाडीच्या लेकरांसाठी गहू-सोयाबीनचं पीठ दळून आम्ही पाकिटांत भरतो. मालाची तपासणी ताईंकडे होती. रोज दुपारी वही घेऊन त्या प्रत्येकीला विचारायच्या, "आज काय बिघडलं?" कोणी कोणाचं नाव घेतलं की थांबवायच्या. "कोनं केलं ते नोका सांगू. कसं झालं ते सांगा."

माझा त्यावर विश्वास नव्हता. आधी मी ज्या डाळमिलमध्ये होते, तिथे चूक कबूल करणारीला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत.

एकदा चहानंतर मी यंत्रातली चाळणी काढली, तर कोपऱ्यातली जाळी फाटलेली. तीन बारीक तारा तुटून गेल्या होत्या. मी चाळणी बदलली आणि गप्प बसले. बाहेर झरी जामणीला जाणारी गाडी भरत होती. तिकडच्या अंगणवाड्यांतला साठा संपला होता. ताई वही घेऊन आल्या, तर मी म्हणाले, "काही नाही." त्यांनी तसंच लिहिलं. गाडीचं मागचं फळकं लागल्याचा आवाज आला, तशी मी धावत जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. "त्याच्या पयले चाळनी कवा पाह्यली होती?"

"सकाळी, सुरू करताना."

"मंग सकाळपासूनचा सारा माल उतरवा."

आमच्या अध्यक्ष शोभाताई रडकुंडीला आल्या. "वनमाला, गाडी थांबली तं काम जाईन आपलं."

"जाईन तं जाईन. लेकराच्या पोटातली तार कोन काढन?"

आम्ही पाकिटं फोडली, पीठ पुन्हा चाळलं, त्यात लोहचुंबक फिरवलं. संध्याकाळपर्यंत दोनच तारा मिळाल्या. तिसरीपायी ताईंनी तो सगळा माल बाद केला आणि वरच्या कार्यालयात फोन करून खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन यंत्रापाशी बसल्या. जाळी काहून फाटली? चौकटीचा स्क्रू ढिला होता. काहून ढिला? आवळायला पाना नव्हता. पाना कुठे? शोभाताईंच्या कपाटात, कुलपात. शोभाताईंनी ऐकलं, आणि पाना आणून यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगला.

कार्यालयाचं उत्तर यायला आठवडा लागला. तेवढे दिवस कोणीच धड जेवली नाही. ताकीद मिळाली, पण काम राहिलं. त्यानंतर बाया बारीकसारीक बिघाडही आपणहून सांगू लागल्या. तक्रार होऊन परत येणारी पाकिटं कमी झाली, आणि पुढे आणखी गावांचं काम मिळालं.

ताई गेल्या हिवाळ्यात वारल्या. आजारपणात भेटायला गेले, तेव्हा म्हणाल्या, "त्या दिवशी जाळी फाटली हे मले समजलंच नव्हतं. तू सांगतलं म्हनून गाडी थांबली. मी घरी जाऊन लय थरथरली."

आता तपासणी मी बघते. ज्या दिवशी सगळ्या जणी "काही नाही" म्हणतात, त्या दिवशी मला जास्त भीती वाटते.